रोह्याची झाकलेली भाकरी

पेण म्हटलं की आमच्या नगरच्या माणसांना गणपतीच्या मूर्ती आठवतात, आणि रोहा म्हटलं तर काहीच आठवत नाही. मलाही आठवत नव्हतं. मी तिकडे तीन दिवसांसाठी म्हणून गेले आणि परतले सतराव्या दिवशी. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका दारात गाठून विचारतात, "बाई, एवढं काय होतं हो तिकडं?" एकेकीला सांगून माझं तोंड दुखलं. म्हणून सगळं लिहूनच काढते.

आधी मी कोण ते सांगायला हवं. मी मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं गाणं शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं आमच्या चर्चमध्ये पायपेटी वाजवते आहे. आमची उपासना साडेनऊ म्हणजे साडेनऊलाच. घंटेचा शेवटचा ठोका आणि माझा पहिला सूर यांत श्वास घेण्यापुरतं अंतर असतं. उशिरा आलेल्याला मी मान न वळवता ओळखते, आणि त्यालाही ते ठाऊक असतं. असा माझा स्वभाव. कुणी खडूस म्हणतं, म्हणू दे.

पेणला राहते ती माझी धाकटी बहीण रूथ. सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त. आम्ही अकरा वर्षं एकमेकींशी बोललो नव्हतो. आई गेली तेव्हा तिचं दफन चार वाजता ठरलं होतं, आणि रूथ पोचली पावणेपाचला. तोवर माती लोटून झाली होती. कबरीपाशी, सगळ्या मंडळीसमोर ती किंचाळली, "तू मुद्दाम थांबली नाहीस! तू माणूस नाहीस, ताई!" मी म्हणाले, "तुझा फोनच आला नाही. मला काय स्वप्न पडणार?" आणि तिथून मी तोंड फिरवलं ते फिरवलंच. तिची पत्रं आली, मी फोडली नाहीत. फोन आले, मी कापले. शेवटी तिनं आमच्याकडच्या एका नर्सबाईंबरोबर निरोप पाठवला, "ताईला म्हणावं, एक रविवार दे. मग कधी बोलावणार नाही."

मी समजले, बाई माफी मागणार. मागायची असेल तर ऐकायला काय हरकत आहे? खरं सांगते, याच तोऱ्यात मी एसटीत बसले.

शनिवार, पेण

रूथ स्टँडवर उभी होती. केस पांढरे, गुडघ्यात थोडी वाकलेली. मला आधी ती ओळखूच आली नाही, आणि त्याचाच मला धक्का बसला. तिनं माझी पिशवी घेतली, म्हणाली, "दमलीस?" अकरा वर्षांनी पहिला शब्द हा. मी म्हणाले, "नाही." तिथंच बोलणं संपलं.

रामवाडीत तिच्या दोन खोल्या. समोरच मूर्तींचा कारखाना. खिडकी उघडली तर ओळीनं गणपतीच गणपती, अजून रंग न दिलेले. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, तुला चालतं हे?"

"ते मला चालवून घेतात, ताई," ती म्हणाली आणि चहा गाळू लागली.

शेजारच्या अंगणात बायका पापड वाळत घालत होत्या. त्यातल्या एकीनं कुंपणावरूनच हाक मारली, "रूथबाय, पाव्हनी आली काय गो?" आणि मूठभर पापड आणून दिले. आमच्या गल्लीत पाहुणा आला तर आधी पडद्याआडून बघतात, मग चौकशी करतात. इथं आधी पापड, चौकशी नंतर.

जेवायला वालाचं बिरडं, सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी. ती पांढरीशुभ्र, मऊ भाकरी आम्हा बाजरीवाल्यांना आजाऱ्याचं जेवण वाटते. मी तसं बोलूनही दाखवलं. रूथ हसली. तिनं दवाखान्याचं सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं, माफीचं अक्षर नाही. मी अंथरुणावर पडले ती चरफडतच.

रविवार, रोहा

रूथची मंडळी रोह्याला. दुपारच्या मेमू रेल्वेनं आम्ही निघालो. भात कापून झालेलं, खाचरांत वाल पेरलेला, कुठं नुसतीच खुंटं. रोह्याला उतरून कुंडलिकेच्या कडेनं रिक्षानं गेलो. वाऱ्याबरोबर मधूनच नाकाला झोंबणारा वास यायचा. "धाटावच्या कंपन्यांचा," रूथ म्हणाली. "वारा तिकडनं असला की येतो."

मला वाटलं होतं, लहानसं का होईना, देऊळ असेल, बाक असतील. कसलं काय! एका घरामागची पत्र्याची पडवी. खाली सतरंज्या, भिंतीवर लाकडी क्रूस, आणि त्याच्या शेजारी खताच्या दुकानाचं कॅलेंडर. चपला बाहेर काढायच्या. मी आयुष्यात कधी अनवाणी उपासनेला गेले नव्हते. आणि पेटी कुठं आहे म्हणून बघते तर ढोलकी आणि टाळ!

रूथनं माझी ओळख करून दिली ती एवढीच: "या आमच्या नगरच्या पाव्हण्या." बहीण म्हणाली नाही. मला ते खटकलं.

उपासनेची वेळ चारची. चार वाजले, सव्वाचार झाले. मी घड्याळाकडे पाहतेय आणि बाकी सगळी निवांत गप्पा मारतायत. न राहवून शेजारच्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "धाटावची बस नाय आली अजून. फर्स्ट शिफ्टची मानसं यायचीत ना." म्हणजे कंपनीची बस येईपर्यंत देवानं थांबायचं! मी कपाळाला हात लावायचीच बाकी होते.

बस आली. उतरलेल्यांत कंपनीचा निळा गणवेश घातलेला, पन्नाशीचा एक माणूस होता. तो पडवीत आला, हौदावर हातपाय धुतले आणि थेट पुढं जाऊन बसला. हाच उपासना चालवणारा पाळक! नाव बाळाराम, आठवडाभर बॉयलरवर काम करतो. मी रीतीप्रमाणे "सलाम, पाळकसाहेब" म्हणाले तर तो लाजलाच. "पालक नका म्हनू, बाय. भाऊ म्हना."

मग गाणी सुरू झाली, आणि माझ्या अंगावर काटाच आला. ढोलकी कडाडतेय, बायका टाळ्या वाजवतायत, एक म्हातारी मोठमोठ्यानं रडतेय आणि तिला कुणी गप्प करत नाही. पुस्तक नाही, ताल सुटला तर सुटला. प्रवचन म्हणावं तर बाळारामभाऊ दोन वाक्यं बोलणार आणि कुणीतरी मधेच विचारणार, "पन भाऊ, असं कसं?" आमच्या पाळकांना प्रवचनात कुणी प्रश्न विचारला तर त्या माणसाला दवाखान्यात नेतील.

प्रभुभोजनाची, भाकर-द्राक्षरसाची वेळ आली. रूथच्या शेजारी स्टुलावर एक ताट होतं, पांढऱ्या फडक्यानं झाकलेलं, आणि एक तांब्या. फडक्याखाली काय, तर तीच तांदळाची भाकरी. तांब्यात कोकमाचं सरबत! मी रूथच्या कानाशी लागले, "अगं, द्राक्षरस तरी?"

"इथं कोकमच पिकतं," ती म्हणाली.

पण फडकं कुणी काढेना. बाळारामभाऊंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "कुनाचं कुनाबर काय हाय?"

मग माझ्या शेजारची बाई, हिराबाय, उभी राहिली आणि समोरच्या बाईकडे बोट करून म्हणाली, "माजं यमुनेबर हाय. तिच्या कोंबड्यांनी माजी सुकट खाल्ली नि ती म्हनते, झाकून का नाय ठेवलीस." यमुना तिची जाऊ. ती उसळली. मग जे सुरू झालं! सुकट, कोंबड्या, तिथून सासू, सासूवरून पाटल्या, पाटल्यांवरून कुणाच्या तरी बाळंतपणाला कोण आलं नव्हतं ते. आणि सगळी मंडळी शांत बसून ऐकतेय. मी घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं! शेवटी यमुनाच रडली, म्हणाली, "बाळंतपनाला यायला पायजे व्हतं मी. चुकलंच." हिराबाय जाऊन तिच्या गळ्यात पडली. सुकटीचं कुणी नावच काढलं नाही.

माझा चेहरा बघून बाळारामभाऊ म्हणाले, "नवीन मानसाला इचित्र वाटतं, बाय. येशूनं सांगितलंय ना, दान घेऊन आलास नि आठवलं का कुनाचं आपल्याबर काय हाय, तर दान तितंच ठेव नि आधी त्याच्याशी समेट कर. आमी तेवढं एकच धरलंय. बाकीचं शास्त्र अजून वाचतोय."

"आणि नाही झाला समेट तर?"

"दोगं इतंच असली तर सगळी मंडळी थांबते. फडकं निघत नाय. एक जन लांब असला तर जो इतं हाय तो एकटा थांबतो. त्याला कुनी मनाई करत नाय. तोच घेत नाय."

मी मनात म्हटलं, हा कारभार आमच्याकडे आणला तर नाताळचं प्रभुभोजन होळीला होईल.

फडकं निघालं, ताट फिरू लागलं. तुकडा हातात घेऊन बसायचं आणि सगळ्यांना मिळाला की एकदम खायचा, अशी रीत. ताट रूथपाशी आलं. तिनं हात जोडले आणि तुकडा न घेता ताट माझ्याकडे सरकवलं. मी माझा घेतला, ताट हिराबायकडे दिलं आणि हळूच विचारलं, "रूथ का घेत नाही?"

हिराबाय कुजबुजली, "ती नाय घेत. सात वर्सं झाली, आमच्यात आली तवापास्नं. तिनं थोरल्या बहिनीला आईच्या मातीवर काय वाईट बोल लावला व्हता. खोटा आळ घेतला म्हनते. ती बहीन माफ करत नाय, पत्राला उत्तर देत नाय. मोठी कठोर बाई दिसते. रूथबाय रडते नि म्हनते, ताईनं माफ केल्याबिगर मी कशी घेऊ?"

सात वर्षं! त्या सात वर्षांत मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, पहिल्या रांगेत, स्वच्छ रुमाल घेऊन, बिनदिक्कत प्रभुभोजन घेत होते. एकदाही घास अडकला नव्हता. आणि ही माझ्यासाठी उपाशी बसत होती, आणि तेही कशासाठी? खोटा आळ घेतला म्हणून!

आळ खोटा नव्हता.

फोन आला होता. साडेतीनला, अंगणातल्या मांडवात. "ताई, सुप्यापर्यंत आलेय. बस जरा बंद पडली होती. तासाभरात पोचते. थांब गं." रेंज तुटत होती, माझं "बरं" तिला ऐकूच गेलं नाही; "हॅलो, हॅलो" करत फोन कटला आणि मी तो पर्समध्ये टाकला. पाळकसाहेबांनी विचारलं होतं, "रूथ यायचीय का? थांबू या." मीच म्हणाले, "नको. वेळ म्हणजे वेळ." नऊ वर्षं आईचं मी केलं होतं, हगणं-मुतणं सगळं. ही सणावाराला येणार, आई हिचंच नाव घेणार. शेवटची माती तरी माझ्या हातची पडू दे, असं आलं मनात. आलं आणि मी तसं केलं.

सगळ्यांच्या हातात तुकडे होते. सगळी माझ्याकडे बघत होती, कारण मी माझा तुकडा डोळ्यांसमोर धरून नुसती बघत बसले होते. बाळारामभाऊ म्हणाले, "घाई नाय, बाय."

मी तुकडा ताटात परत ठेवला. उठायला गेले तर गुडघा धरला, तशीच बसून बोलले. "ती थोरली बहीण मी आहे. रूथ, तुझा फोन आला होता. तू सुप्याला आहेस हे मला माहीत होतं. मी मुद्दाम थांबले नाही."

मला वाटलं होतं, ती रडेल, मला मिठी मारेल, जावांचं झालं तसं आमचंही होईल. रूथचा चेहरा पांढरा पडला. "अकरा वर्षं," एवढंच म्हणाली. मग उठली आणि चपला न घालता बाहेर निघून गेली.

आम्ही थांबलो. अर्धा तास, तास. कुणी कुरकुरलं नाही. ऊन उतरलं, पत्रे निवले. बाळारामभाऊ बाहेर जाऊन आले आणि म्हणाले, "आज नाय." सगळ्यांनी आपापला तुकडा ताटात ठेवला. त्यांनी ताट उचलून हिराबायकडे दिलं. "आता ही नुसती भाकरी. कालवण काडा." आणि त्याच भाकरीबरोबर बिरडं वाढलं गेलं. माझ्यापायी पस्तीस माणसं प्रभुभोजनावाचून राहिली होती, आणि त्यांतली एक म्हातारी मलाच आग्रह करत होती, "घे गो, पाव्हनी तू." घास गिळवेना. असली लाज मला जन्मात वाटली नव्हती.

पुन्हा पेण

सोमवारच्या एसटीचं आरक्षण होतं. मी ते रद्द केलं. रूथ राहा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. माझं ताट वाढून झाकून ठेवायची आणि शेजारी पापड लाटायला जायची. मी एकटी खायची. वेळ जाईना म्हणून खाडीकडे फिरायला जायची. मिठागरांची कामं अजून सुरू व्हायची होती, माणसं बांध लिंपत होती. एक जण म्हणाला, "मीठ बघायचं तर उन्हाल्यात या, बाय. आता नुसता चिखल." तेवढंच काय ते बोलणं दिवसभरात.

दुसऱ्या रविवारी बाळारामभाऊंनी विचारलं, "कुनाचं कुनाबर काय हाय?" रूथ बसल्या जागेवरून म्हणाली, "माझं." पुढं काही नाही. पुन्हा नुसती भाकरी, पुन्हा बिरडं. बाहेर पडताना हिराबाय माझा हात धरून म्हणाली, "कठोर म्हनाली मी तुला त्या दिशी. माजं तोंडच असलं." मी म्हणाले, "बरोबरच बोललीस."

बुधवारी दुपारी रूथ वाल सोलत बसली होती. मीही समोर बसून सोलू लागले. ती मान वर न करता म्हणाली, "आईला साडी कोणती नेसवली होती?"

मी सांगितलं. मोतिया रंगाची, बारीक काठांची, माझ्या लग्नातली. मग तिनं विचारलं, चेहरा कसा होता? तोंड मिटलं होतं का? चष्मा घातला होता का? खांदा कुणी कुणी दिला? कोणतं गीत म्हटलं? मी एकेक सांगत गेले. डोळा डावा जरासा उघडा राहिला होता, तो मी बोटानं मिटला. चष्मा काढून शवपेटीत उजव्या हाताशी ठेवला. पेटी खाली सोडताना एक दोर अडकला. पहिली मूठ मी टाकली. तेव्हा ती ओरडली, "माझी मूठ कुणी टाकली?"

"कुणीच नाही," मी म्हणाले. "रूथ, तू हक्काची होतीस आणि मी तुला आईचं तोंड पाहू दिलं नाही. मला माफ कर. नाही केलंस तरी चालेल, पण मी मागतेय."

ती ढसाढसा रडली. वाल सगळे जमिनीवर सांडले. मी जवळ गेले तर तिनं हातानं लांब ढकललं. मी लांबच बसून राहिले, पण उठले नाही. संध्याकाळ होईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसलो होतो. मग ती म्हणाली, "चहा टाक." अकरा वर्षांत तिनं मला सांगितलेलं पहिलं काम.

तिसरा रविवार

बस वेळेवर आली होती तरी कुणालाच घाई नव्हती. ढोलकीवर मीसुद्धा टाळी धरली, आणि खोटं कशाला बोलू, तालात चुकले. बाळारामभाऊंनी फडक्यावर हात ठेवला आणि नेहमीसारखं विचारलं.

रूथ उभी राहिली. "माझं ताईबर हाय," ती म्हणाली. तिकडच्या बोलीतच म्हणाली. मग तिनं एक श्वास घेतला. "हाय अजून. पन भाकरी अडवन्याएवडं नाय."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाळारामभाऊंनी मान हलवली आणि फडकं काढलं. ताट फिरत आलं. रूथनं सात वर्षांनी तुकडा उचलला. तिचा हात मला धड दिसेना, कारण माझेच डोळे वाहायला लागले होते. तिनं आणखी एक तुकडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. सगळ्यांना मिळाला. प्रार्थना झाली. आता खायचं, पण माझे हुंदके थांबेनात, नाक वाहतंय, पदर सापडत नाही. चौतीस वर्षं पोरींना शिस्त लावलेली मी, तोंडापर्यंत हातही नेऊ शकत नव्हते. सारी पडवी हातात तुकडे धरून बसली होती.

रूथनं कोपरानं मला ढोसलं.

"खा गो ताई आता," ती म्हणाली. "सगळी थांबलीत."